मराठीतून इंग्रजी मोडलकडे: 'शकतो', 'पाहिजे', 'नको' आणि 'असेल' यांची नीट फोड

कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. इंग्रजीतली ही नऊ मोडल क्रियापदं, म्हणजे मुख्य क्रियापदाआधी येऊन क्षमता, शक्यता, सक्ती अशी छटा देणारे शब्द, बहुतेकांना पाठ असतात. 'कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे पाहिजे' हे अर्थही पाठ असतात. तरी प्रत्यक्ष ईमेल लिहायला बसलं की हात अडखळतो. अडचण या नऊ शब्दांत कमी आणि आपण मनात आधी जे मराठी वाक्य जुळवतो त्यात जास्त असते.

'तो पोहू शकतो', 'उद्या पाऊस पडू शकतो', 'मी वेळेत पोचू शकलो' या तिन्ही वाक्यांत आपल्याला 'शकणे' पुरतं. इंग्रजीत तिन्हींची सोय वेगवेगळी आहे. 'पाहिजे', 'नको' आणि 'असेल' यांचंही तसंच. या चार शब्दांखाली नेमका कोणता अर्थ दडला आहे ते ओळखता आलं, की मोडलच्या बहुतेक चुका थांबतात. म्हणून इथे मोडलची यादी घेऊन एकेक शब्द समजावलेला नाही. आपल्या मराठी वाक्यापासून सुरुवात केली आहे.

जवळ काय हवं

- एक वही. इथली इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, ती वहीत रोमन लिपीत उतरवा. स्पेलिंगचा सराव त्यातच होईल.
- इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी, छापील किंवा ऑनलाइन. नेहमीच्या इंग्रजी-मराठी कोशात मोडलपुढे दोन-तीन प्रतिशब्द असतात, वापराची उदाहरणं फारशी नसतात.
- तुम्ही स्वतः लिहिलेले जुने पाच-सहा ईमेल. शेवटच्या पायरीत ते लागतील.

## 1. आधी साचा पक्का करा

अर्थाच्या आधी रचना बघू, कारण रचनेची चूक समोरच्याच्या लगेच लक्षात येते.

मोडलनंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं. त्याला 'एस', 'आयएनजी', 'ईडी' काही लागत नाही आणि मध्ये 'टू' येत नाही. 'शी कॅन स्विम' बरोबर. 'शी कॅन स्विम्स', 'शी कॅन टू स्विम', 'शी कॅन्स स्विम' ही तिन्ही चूक. ही, शी, इट यांच्यासाठी क्रियापदाला 'एस' लावायची सवय अंगवळणी पडलेली असते, ती इथे सोडायची. 'ऑट टू' या एकाच शब्दात 'टू' मुळातच आहे.

नकार आणि प्रश्न यांसाठी 'डू' किंवा 'डझ' घ्यायचं नाही. 'शी कॅनॉट स्विम', 'कॅन शी स्विम?' एवढंच. 'कॅनॉट' लिहिताना एक अखंड शब्द लिहितात, बाकीच्या मोडलचा 'नॉट' सुटा राहतो.

एका क्रियापदामागे एकच मोडल. मराठीत 'तो उद्या येऊ शकेल' असं म्हणताना 'शकणे' आणि भविष्यकाळ एकत्र येतात, म्हणून 'ही विल कॅन कम टुमॉरो' असं वाक्य तयार होतं. ते चूक आहे. दुसऱ्या मोडलच्या जागी त्याचा पर्याय घ्या: 'कॅन'साठी 'बी एबल टू', 'मस्ट'साठी 'हॅव टू', 'मे'साठी 'बी अलाउड टू'. म्हणजे 'ही विल बी एबल टू कम टुमॉरो'.

इथेच एक जुनाट चूक सांगून टाकतो: 'कॅन एबल टू' आणि 'कुड नॉट एबल टू'. 'कॅन' आणि 'बी एबल टू' दोघांचा अर्थ 'शकणे'च. एक घेतलं की दुसरं सोडायचं, आणि 'एबल टू' घेतलंत तर त्याच्या आधी ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी किंवा बीन यांपैकी काहीतरी हवंच.

उच्चाराबद्दल थोडं. कुड, शुड, वुड या तिन्हींच्या स्पेलिंगमधला 'एल' उच्चारत नाहीत. 'मस्ट'ला नकार जोडला की मधला 'ट' गळतो आणि 'मसन्ट' ऐकू येतं. सर्वांत जास्त घोटाळा 'कॅन' आणि त्याच्या आखूड नकारात होतो. सलग बोलताना 'कॅन' आखडून 'कन्' होतो, तर नकारातल्या स्वरावर जोर येतो. ब्रिटिश उच्चारात तो 'कान्ट' असतो, म्हणून फरक चटकन कळतो. अमेरिकन उच्चारात तो 'कॅन्ट' असतो आणि शेवटचा 'ट' जेमतेम ऐकू येतो. त्यामुळे 'ट'कडे कान लावून बसू नका, जोर कुठे आहे ते ऐका. वेळ, पैसे किंवा औषध यांबद्दल बोलत असाल तर स्वतः सरळ पूर्ण 'कॅनॉट' म्हणा.

## 2. 'शकतो': क्षमता, परवानगी की शक्यता?

मनातल्या वाक्यात 'शकतो' आला की त्याच्या जागी दुसरे मराठी शब्द बसवून बघा.

'-ता येतं' बसलं तर ती क्षमता. 'तो पोहू शकतो' म्हणजे 'त्याला पोहता येतं'. इथे 'कॅन'.

'परवानगी आहे' किंवा 'हरकत नाही' बसलं तर ती परवानगी. 'तुम्ही आता आत जाऊ शकता' इथे 'कॅन' चालतं, औपचारिक ठिकाणी 'मे'.

'कदाचित' बसलं तर ती शक्यता, आणि पाय घसरतो तो इथेच. 'उद्या पाऊस पडू शकतो' म्हणजे 'उद्या कदाचित पाऊस पडेल'. यासाठी 'इट मे रेन', 'इट माइट रेन' किंवा 'इट कुड रेन'. 'इट कॅन रेन टुमॉरो' म्हणत नाहीत.

मग शक्यतेसाठी 'कॅन' कधीच येत नाही का? येतं, पण एखाद्या ठरावीक प्रसंगाबद्दल नाही, एखाद्या गोष्टीच्या स्वभावाबद्दल. 'आयर्न कॅन रस्ट', लोखंड गंजू शकतं, म्हणजे गंजणं त्याच्या गुणधर्मात आहे. 'धिस रोड कॅन बी डेंजरस', हा रस्ता कधीकधी धोक्याचा ठरतो. 'एरवी, सर्वसाधारणपणे' असा सूर असेल तर 'कॅन', 'उद्या, आज संध्याकाळी, या वेळी' असा असेल तर 'मे', 'माइट', 'कुड'.

नकारात आणखी एक खड्डा आहे. 'इट माइट नॉट बी ट्रू' म्हणजे कदाचित ते खरं नसेल. 'इट कुड नॉट बी ट्रू' म्हणजे ते खरं असणं शक्यच नाही. होकारात 'माइट' आणि 'कुड' जवळजवळ सारखे वाटतात, नकारात त्यांचे अर्थ फार लांब जातात. 'मे नॉट' तर दुहेरी आहे: 'यू मे नॉट एंटर' म्हणजे आत यायला मनाई, पण 'ही मे नॉट एंटर' हे 'तो कदाचित आत येणार नाही' असंही वाचता येतं. सूचना लिहिताना 'मे नॉट' टाळून 'मस्ट नॉट' लिहिलेलं बरं.

लिहिताना 'मे बी' सुटं आहे की जोडून, याकडेही लक्ष द्या. सुटं असेल तेव्हा 'मे' हे मोडल आणि 'बी' हे क्रियापद: 'ही मे बी लेट'. जोडून लिहिलेलं 'मेबी' म्हणजे नुसतं 'कदाचित': 'मेबी ही इज लेट'. 'ही मेबी लेट' हे चूक.

## 3. 'शकलो': इथे 'कुड' दगा देतं

'कुड' हे 'कॅन'चं भूतकाळी रूप आहे, म्हणून 'मी काल काम पूर्ण करू शकलो' याचं 'आय कुड फिनिश द वर्क यस्टर्डे' केलं जातं. नियमाला धरून वाटतं, पण इंग्रजी कानाला ते अपुरं लागतं. 'करू शकलो असतो' किंवा 'करता येण्यासारखं होतं' असा भास होतो, काम खरंच झालं की नाही हे कळत नाही.

भूतकाळात एकदा घडलेलं, जमवून आणलेलं काम सांगायचं तर 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' घ्या: 'आय वॉज एबल टू फिनिश द वर्क', 'आय मॅनेज्ड टू फिनिश द वर्क'. खटपट करावी लागली असेल तर 'मॅनेज्ड टू' जास्त नेमकं.

मग 'कुड' कुठे चालतं?

- पूर्वी असलेली सर्वसाधारण क्षमता: 'शी कुड रीड ॲट फोर', चौथ्या वर्षी तिला वाचता येत होतं.
- नकारात, प्रसंग एकच असला तरी: 'आय कुड नॉट ओपन द फाइल'. न जमलेली गोष्ट सांगताना संदिग्धता उरत नाही.
- सी, हिअर, स्मेल, रिमेंबर, अंडरस्टँड यांसारख्या क्रियापदांसोबत: 'आय कुड हिअर समवन'.

परवानगीचंही असंच आहे. 'लहानपणी आम्हाला उशिरापर्यंत खेळता यायचं' याला 'वी कुड प्ले टिल लेट'. पण 'काल मला लवकर निघायची परवानगी मिळाली' याला 'आय वॉज अलाउड टू लीव्ह अर्ली'.

## 4. 'पाहिजे', 'हवं', 'लागतं'

पहिली चाळणी: 'पाहिजे'च्या आधी क्रियापद आहे का? 'मला पाणी पाहिजे' यात नाही, मग मोडलचा प्रश्नच येत नाही, 'आय वाँट' किंवा 'आय नीड' घ्या. 'मला जायला पाहिजे' यात क्रियापद आहे, इथून पुढे मोडल.

ढोबळ जोड्या अशा:

- जायला हवं / जायला पाहिजे (सल्ला, योग्य ते): 'शुड'. 'यू शुड सी अ डॉक्टर.' 'ऑट टू'चा अर्थ जवळपास हाच, रोजच्या बोलण्यात 'शुड' पुरे.
- गेलंच पाहिजे (बोलणाऱ्याचा आग्रह किंवा लेखी नियम): 'मस्ट'.
- जावं लागतं (परिस्थितीची सक्ती): 'हॅव टू', आणि ही, शी, इट असेल तर 'हॅज टू'.
- जाणं अपेक्षित आहे: 'बी सपोज्ड टू'. 'आय ॲम सपोज्ड टू रिपोर्ट ॲट नाइन.'
- गेलेलं बरं, नाहीतर पंचाईत होईल: 'हॅड बेटर'. 'यू हॅड बेटर लीव्ह नाउ.'

मराठी माणसाला 'मस्ट'चा मोह फार होतो, कारण 'पाहिजे' हा आपल्याकडे सौम्य शब्द आहे. घरी, कामावर, मित्रांत आपण तो सहज वापरतो. 'मस्ट' तेवढा सौम्य नाही. वरिष्ठांना 'यू मस्ट चेक धिस' लिहिलं तर तो हुकूम वाटतो. मनातल्या 'पाहिजे'ला 'च' लागत नसेल तर 'मस्ट' लिहू नका. एक अपवाद मात्र गोड आहे: 'यू मस्ट ट्राय धिस', 'यू मस्ट कम ओव्हर सम डे' अशा प्रेमाच्या आग्रहात 'मस्ट' अगदी शोभतं.

'हॅड बेटर'मध्ये 'हॅड' दिसतं म्हणून तो भूतकाळ समजू नका, अर्थ आत्ताचाच. त्यानंतर 'टू' येत नाही. त्यात इशारा दडलेला असतो, त्यामुळे ज्येष्ठांना किंवा ग्राहकाला हे वाक्य नको.

सक्तीच्या अर्थाने 'मस्ट'ला भूतकाळ नाही आणि भविष्यकाळही नाही. 'जावं लागलं' म्हणजे 'हॅड टू गो'. 'जावं लागेल' म्हणजे 'विल हॅव टू गो'. प्रश्न विचारतानाही 'मस्ट आय गो?' फार ताठर लागतं, 'डू आय हॅव टू गो?' विचारा. 'हॅव टू' हे साच्याने मोडल नाही, म्हणून त्याला प्रश्नात आणि नकारात 'डू', 'डझ', 'डिड' लागतं.

## 5. 'नको' आणि 'नये': सर्वांत महागडी चूक

'मस्ट' आणि 'हॅव टू' होकारात एकमेकांच्या जवळ आहेत. नकारात ते उलट टोकांना जातात.

- येता कामा नये: 'यू मस्ट नॉट कम.' बंदी.
- येऊ नये: 'यू शुड नॉट कम.' सल्ला.
- यायची गरज नाही: 'यू डोन्ट हॅव टू कम', 'यू नीडन्ट कम.' मोकळीक. आलात तरी हरकत नाही.

मराठीतलं 'यायला नको' यांतल्या शेवटच्या दोन्ही अर्थांनी वापरलं जातं, म्हणून भाषांतराआधी ते मनातल्या मनात मोडून घ्या: 'येऊ नये' की 'गरज नाही'?

ही चूक किती महाग पडते ते एका औषधावरून बघा. 'यू मस्ट नॉट टेक इट विथ फूड' म्हणजे गोळी जेवणासोबत घेता कामा नये. 'यू डोन्ट हॅव टू टेक इट विथ फूड' म्हणजे जेवणासोबतच घ्यायला हवी असं नाही, जेवणाशिवाय घेतली तरी चालेल. दोन्ही वाक्यांत नकार आहे, दोन्हींचं मराठी घाईत 'जेवणासोबत घ्यायला नको' असं होईल, आणि रुग्ण मात्र वेगवेगळ्या गोष्टी करतील. सुरक्षेच्या सूचना, परीक्षेचे नियम, करारातल्या अटी वाचताना या दोन रचनांपाशी थांबाच.

भूतकाळात गरज नव्हती हे सांगायचे दोन प्रकार आहेत. 'आय डिडन्ट नीड टू गो': जायची गरज नव्हती, गेलो की नाही ते सांगितलेलं नाही, बहुधा गेलो नाही. 'आय नीडन्ट हॅव गॉन': गेलो, पण उगाच गेलो.

## 6. 'असेल', 'असणार', 'असावा': अंदाजाची चढण

मैत्रीण फोन उचलत नाहीये. तुम्ही कारणांचा अंदाज बांधताय.

ती रोज याच वेळी गाडी चालवत घरी जाते, तुमची जवळजवळ खात्री आहे: 'शी मस्ट बी ड्रायव्हिंग', गाडी चालवत असणार. नुसतीच शक्यता आहे: 'शी माइट बी ड्रायव्हिंग', कदाचित चालवत असेल. तिचा मेसेज दोन मिनिटांपूर्वीच आला होता, त्यामुळे झोपली असणं शक्य नाही: 'शी कान्ट बी स्लीपिंग'. एव्हाना ती घरी पोचायला हवी, असा हिशेब: 'शी शुड बी होम बाय नाउ'.

यात दोन गोष्टी टिपून ठेवा. एक, अंदाजातल्या 'मस्ट'चा नकार 'मस्ट नॉट' सहसा होत नाही, 'कान्ट' होतो. 'तो वकील असणार' हे 'ही मस्ट बी अ लॉयर', तर 'तो वकील असूच शकत नाही' हे 'ही कान्ट बी अ लॉयर'. दोन, आपल्या 'असेल'साठी डोळे मिटून 'विल बी' घेतलं जातं. 'ही विल बी ॲट होम नाउ' हे व्याकरणाने चूक नाही, पण त्यातून मोठी खात्री व्यक्त होते. तुमच्या 'असेल'मध्ये 'कदाचित' असेल तर 'मे' किंवा 'माइट' घ्या. 'मे' आणि 'माइट' यांत फरक बारीक आहे, 'माइट' जरा जास्त साशंक. रोजच्या वापरात कुठलंही चालतं, त्यावर वेळ घालवू नका.

## 7. झालेल्या गोष्टीबद्दल: मोडल, मग 'हॅव', मग तिसरं रूप

हा साचा अवघड वाटतो, पण मराठीत त्याच्या जोड्या तयारच आहेत:

- जायला हवं होतं: 'शुड हॅव गॉन'
- जाऊ शकला असता: 'कुड हॅव गॉन'
- गेला असता: 'वुड हॅव गॉन'
- गेला असणार: 'मस्ट हॅव गॉन'
- कदाचित गेला असेल: 'मे हॅव गॉन', 'माइट हॅव गॉन'
- गेला असणं शक्य नाही: 'कान्ट हॅव गॉन'

कर्ता कुणीही असो, 'हॅव'चं 'हॅज' होत नाही, कारण ते मोडलच्या मागोमाग आलं आहे. तिसरं रूप हवं, दुसरं नाही: 'शुड हॅव वेंट' चूक. जलद बोलण्यात हे 'हॅव' आखडून नुसतं 'अव' होतं. 'ऑफ' (ओ-एफ, म्हणजे 'चा, ची, चे') या शब्दाचाही दुर्बल उच्चार तसाच असल्याने लोक 'शुड ऑफ', 'कुड ऑफ' लिहून जातात. इंग्रजी मातृभाषा असलेलेही लिहितात, तरी ते चूकच.

'मस्ट' इथे पुन्हा तपासा. 'त्याला जावं लागलं' ही सक्ती, म्हणून 'ही हॅड टू गो'. 'तो गेला असणार' हा अंदाज, म्हणून 'ही मस्ट हॅव गॉन'.

कर्मणी रचनेत 'बीन' वाढतं: 'द लेटर मस्ट हॅव बीन सेंट', पत्र पाठवलं गेलं असणार. वर्तमानात 'बी': 'द फॉर्म मस्ट बी साइन्ड'.

## 8. 'विल'च्या जागी 'वुड' नको

'आय वुड बी कमिंग टुमॉरो', 'द मीटिंग वुड स्टार्ट ॲट टेन'. भारतीय इंग्रजीत असं पुष्कळ दिसतं. 'वुड' जास्त नम्र आहे असं वाटून ते येतं. पण ठरलेल्या भविष्याला 'वुड' लावलं की वाचणारा पुढच्या 'जर'ची वाट बघत राहतो: सुरू झाली असती, पण काय? ठरलेलं असेल तर 'विल': 'द मीटिंग विल स्टार्ट ॲट टेन'.

'वुड'ची हक्काची ठिकाणं ही:

- काल्पनिक गोष्ट: 'इफ आय हॅड टाइम, आय वुड लर्न म्युझिक.' वेळ असता तर शिकलो असतो, पण नाही.
- इच्छा आणि विनंती: 'आय वुड लाइक टू...', 'वुड यू...?'
- दुसऱ्याचं बोलणं भूतकाळात सांगताना: 'ही सेड ही वुड कम.' अशा वेळी 'कॅन'चं 'कुड' आणि 'मे'चं 'माइट' होतं. कुड, माइट, शुड, वुड तसेच राहतात.
- जुनी सवय: 'एव्हरी समर वी वुड गो स्विमिंग', जायचो. पण हे फक्त कृतींसाठी. 'मी लाजाळू होतो' अशा स्थितीला 'आय यूज्ड टू बी शाय' हवं, 'वुड बी' नाही.

'इफ'च्या भागात 'विल' किंवा 'वुड' शक्यतो नको. 'इफ इट रेन्स, वी विल स्टे होम'. 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम'. मराठीत 'मला कळलं असतं तर आलो असतो' असं म्हणतो, दोन्ही भागांत तीच रचना असते, म्हणून 'इफ आय वुड हॅव नोन' तोंडात येतं. 'वुड हॅव' फक्त दुसऱ्या भागात.

## 9. विनंती करताना आणि उत्तर देताना

साध्यापासून नम्रतेकडे जाणारा क्रम: 'कॅन यू', 'कुड यू', 'वुड यू माइंड'. अनोळखी माणसाला 'कुड यू प्लीज' पुरेसं आहे. इथे 'कुड'चा भूतकाळाशी संबंध नाही.

'वुड यू माइंड'नंतर 'आयएनजी'चं रूप येतं: 'वुड यू माइंड क्लोजिंग द डोअर?' आणि उत्तर उलटं असतं! प्रश्नाचा अर्थ 'तुमची हरकत आहे का?', म्हणून दार लावायला तयार असाल तर 'नो, नॉट ॲट ऑल'. 'येस' म्हणालात तर हरकत घेतल्यासारखं होईल.

परवानगी मागताना 'कुड आय' चालतं, देताना मात्र 'कॅन' किंवा 'मे': 'येस, यू कॅन'. 'येस, यू कुड' हे परवानगीचं उत्तर नाही. स्वतःहून मदत देऊ करायची तर 'शॅल आय?', करू का? सगळ्यांना सुचवायचं तर 'शॅल वी?', करू या का? 'शॅल' आज मुख्यतः या दोन प्रश्नांत आणि नियमांच्या भाषेत उरलं आहे.

## 10. नियम, करार आणि मानकं वाचताना

अशा कागदांत मोडलचे अर्थ ठरवून दिलेले असतात, तिथे अंदाज चालत नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकांत 'शॅल' म्हणजे बंधनकारक, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे परवानगी, 'कॅन' म्हणजे शक्यता किंवा क्षमता. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांसाठी मार्च 1997 मध्ये आलेल्या आरएफसी 2119 या दस्तऐवजात 'मस्ट' आणि 'शॅल' दोन्ही सक्तीचे, 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणामांचा विचार केलेला असेल तरच सोडता येण्याजोगं, आणि 'मे' म्हणजे पूर्णपणे ऐच्छिक. असा कागद हाती आला की आधी व्याख्यांचं पान शोधा. स्वतः नियम लिहीत असाल तर सक्तीसाठी 'मस्ट' धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. एकाच नियमावलीत कधी 'शॅल', कधी 'मस्ट', कधी 'विल' आलं की वाचणारा त्यांत फरक शोधत बसतो.

## 11. स्वतःचा ईमेल तपासा

हा नमुना बघा. यातली प्रत्येक चूक रोज कुणीतरी करतं.

"आय कुड नॉट एबल टू सबमिट द रिपोर्ट यस्टर्डे. द सर्व्हर मस्ट बी डाउन लास्ट नाइट. आय वुड बी सेंडिंग इट टुडे. यू मस्ट चेक इट बाय टुमॉरो. इफ देअर विल बी एनी चेंजेस, यू कॅन टू कॉल मी."

एकेक वाक्य घेऊ. पहिल्यात 'कुड' आणि 'एबल टू' दोन्ही आलेत आणि 'बी' गायब आहे: 'आय कुड नॉट सबमिट'. दुसरा कालच्या रात्रीचा अंदाज आहे, म्हणून 'मस्ट हॅव बीन डाउन'. सर्व्हर बंद होता हे नक्की माहीत असेल तर मोडल काढून सरळ 'वॉज डाउन' लिहा, तिथे अंदाजाचा सूर उलट संशय वाढवतो. तिसऱ्यात काम ठरलेलं आहे: 'आय विल सेंड इट टुडे'. चौथा वरिष्ठांना दिलेला हुकूम झाला आहे: 'कुड यू प्लीज चेक इट बाय टुमॉरो?' पाचव्यात 'इफ'नंतरचं 'विल' आणि 'कॅन'नंतरचं 'टू' दोन्ही जातील: 'इफ देअर आर एनी चेंजेस, प्लीज कॉल मी'.

आता तुमचे जुने ईमेल उघडा आणि शोधाच्या चौकटीत क्रमाने हे टाका: 'एबल टू', 'वुड बी', 'मस्ट', 'कॅन टू', 'इफ'. 'एबल टू' दिसलं तर आधी 'बी'चं रूप आहे का ते बघा. 'वुड बी' दिसलं तर गोष्ट ठरलेली आहे की काल्पनिक ते विचारा. 'मस्ट' दिसलं तर मराठीत 'च' लावून वाचा. 'इफ' दिसलं तर पुढच्या स्वल्पविरामापर्यंत 'विल' किंवा 'वुड' आलंय का ते बघा. सापडलेलं प्रत्येक वाक्य वहीत उतरवा, शेजारी मनातलं मूळ मराठी वाक्य लिहा आणि मग दुरुस्त इंग्रजी लिहा. नुसती दुरुस्ती लिहिली तर कोणत्या मराठी शब्दापाशी घसरलात ते कळत नाही, आणि पुढच्या ईमेलमध्ये तोच शब्द पुन्हा तिथेच नेतो.